पानावरची लव वाचायची कशी?

विचारलेला प्रश्न असा आहे: फ्लोरातली (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं देणाऱ्या ग्रंथातली) किल्ली, म्हणजे ओळख पटवायला दिलेली पर्यायांची मालिका, लावताना एका फाट्याला 'पानं खालून टोमेंटोज' येतं, दुसऱ्याला 'पानं प्युबेसंट'. हातातल्या पानाला लव तर आहे, पण ती कुठल्या खात्यात टाकायची? व्हिलस, हिर्सूट, हिस्पिड, स्ट्रायगोज हे शब्द कोशात शोधले तर सगळ्यांचा अर्थ फिरून 'केसाळ' असाच निघतो. शिवाय या लवेवर विसंबून ओळख पक्की करावी का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. लव किती आहे, यावर फार भिस्त ठेवू नका. त्यातला एक केस सुटा काढून तो कसा आहे ते पाहा. लव किती हे ऊन, पाणी, पानाचं वय यांनुसार बदलतं. केसाची घडण मात्र बहुतेक वेळा त्या कुळाची किंवा प्रजातीची असते आणि सहसा बदलत नाही. तुम्हाला अडवणारे टोमेंटोज-प्युबेसंट वगैरे शब्द प्रामुख्याने पहिल्या गोष्टीचं वर्णन करतात, म्हणून ते निसरडे आहेत.

आधी पाहायचं कसं ते. दहा पटीचं भिंग पुरतं. पान सपाट धरून वरून पाहण्यात अर्थ नाही, केस पृष्ठभागाच्या रंगात मिसळून जातात. पान बोटावर दुमडा आणि दुमडीची कड उजेडाकडे धरा. त्या कडेवर केस बाजूने दिसतात: उभे की आडवे, सरळ की वळलेले, टोकाला गाठ आहे की नाही. पाठ आणि पोट दोन्ही पाहा. शिरा आणि शिरांमधली जागा वेगवेगळी पाहा. मुख्य शीर आणि उपशीर जिथे मिळतात त्या बेचक्यात कित्येक झाडांना केसांचा छोटा झुबका असतो, बाकीचं पान अगदी केशहीन असलं तरी. मग फांदीचं टोक, देठ, कळीची बाहेरची बाजू. लव जाते ती जून पानांवरून आधी जाते. कोवळ्या शेंड्यावर आणि फुलाच्या पुष्पकोशावर (पाकळ्यांखालच्या बाहेरच्या आवरणावर) शेवटपर्यंत टिकते.

यानंतर अंगठा. पानावरून देठाकडून टोकाकडे फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे अडखळल्यासारखं वाटलं, तर केस एका दिशेला चिकटून झोपलेले आणि ताठ आहेत. ही परीक्षा अनोळखी शेंगेवर किंवा वेलीवर करू नका, हे सांगायलाच हवं. खाजकुइलीच्या शेंगेवरचे सोनेरी केस दिसायला मखमली असतात आणि पुढचा तासभर माणूस खाजवत बसतो. खाजकोलतीचंही तेच. तिच्या केसाच्या टोकात कॅल्शियम ऑक्झलेटचा अणकुचीदार स्फटिक असतो, तो कातडीत शिरतो.

आता शब्द. ते चार गोष्टींच्या मिश्रणातून तयार झालेत: केसाची लांबी, दाटी, ताठपणा आणि ठेवण. प्युबेसंट म्हणजे आखूड, मऊ, फार दाट नसलेली साधी लव. यापेक्षा बारीक असेल तर प्युबेरुलस. केस लांब, मऊ आणि सुटे असतील तर व्हिलस; लांब पण विरळ असतील तर पायलोज. केस एकमेकांत गुंतून त्यांचा थर झाला, खालचं पानच दिसेना, की टोमेंटोज. तो थर लांब, कुरळ्या केसांचा आणि लोकरीसारखा असेल तर लॅनेट. तुमच्या प्रश्नातला पेच इथेच सुटतो: भिंगाखाली केसांच्या मधून पानाची हिरवी कातडी दिसत असेल तर प्युबेसंटकडे वळा, नुसता गुंता दिसत असेल तर टोमेंटोजकडे.

उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत. निर्गुडीचं पान उलटं करा: वरून हिरवं, खालून करडं-पांढरं. तो पांढरेपणा बारीक टोमेंटमचा, म्हणजे गुंतलेल्या केसांच्या थराचा. समुद्रशोकाच्या प्रचंड पानाची पाठ आणि त्याच्या कळ्या याहून ठळक, वेल दुरूनही चांदीसारखा दिसतो तो त्यामुळेच. सह्याद्रीत ऐसर हे झुडूप ठिकठिकाणी भेटतं, त्याच्या कोवळ्या फांद्या आणि पानांची पाठ अशा थराने मढवलेल्या असतात, आणि तो नखाने सहज खरवडून निघतो. कपूरमाधुरीचं तर शास्त्रीय नावच लॅनाटा. पानांच्या बेचक्यातले तिचे फुलांचे गोंडे खरोखर लोकरी असतात.

रेशमी लव, म्हणजे सेरिशियस, ती पाहायला पळसासारखं झाड नाही. फाल्गुनात पडलेलं एक फूल उचला. पाकळी आतून शेंदरी दिसते, बाहेरून तिच्यावर चंदेरी झाक असते. भिंगाखाली ती झाक म्हणजे एकाच दिशेला, पृष्ठभागाला चिकटून झोपलेले बारीक केस. उजेड त्यांच्यावरून एकसारखा परततो म्हणून चमक येते. त्याच फुलाचा पुष्पकोश मात्र काळपट आणि मखमली, तिथले केस आखूड आणि उभे, म्हणजे व्हेल्युटिनस. एकाच फुलावर दोन तऱ्हा. म्हणून 'पळस केसाळ असतो' असं वर्णन कुणी लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. कुठला भाग, कुठली बाजू, हे हवंच.

ताठ केसांची बाजू मी थोडक्यात घेतो, कारण तिथे हातच सांगतो. लांब आणि राठ ते हिर्सूट. टोचण्याइतके ताठ ते हिस्पिड. आखूड, ताठ आणि झोपलेले ते स्ट्रायगोज. आणि केस इतके आखूड व कडक की पान कानशीसारखं लागतं, ते स्केब्रिड. पारिजातकाचं पान गालाला लावून बघा. खरवताचं नाव तर त्यावरूनच पडलंय, त्याच्या पानांनी लाकूड घासून साफ करतात. छोट्या कल्प्याच्या पानावर प्रत्येक ताठ केसाच्या बुडाशी पांढरी फुगीर गाठ दिसते. तो केस मोडला तरी गाठ राहते आणि पान खरखरीतच लागतं.

ग्लॅब्रस या शब्दावर बरेच जण फसतात. त्याचं भाषांतर गुळगुळीत असं केलं जातं, पण त्याचा अर्थ फक्त केशहीन. केशहीन पान सुरकुतलेलं, खडबडीत असू शकतं. आणि ग्लॅब्रेसंट म्हणजे आधी लव होती, नंतर झडून गेली. किल्लीत तो शब्द आला की कोवळं पान शोधा.

या शब्दांच्या सीमा काटेकोर नाहीत आणि तशा कधी होणारही नाहीत. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (१९०१ ते १९०८) आजही आपण उघडतो. त्यात ज्याला टोमेंटोज म्हटलंय त्याला नंतरचा लेखक दाट प्युबेसंट म्हणू शकतो आणि दोघांपैकी कुणीही चूक नसतं. यावर माझा उपाय असा की एखादा फ्लोरा वापरायला घेतला की त्यातल्या, आपल्याला पक्क्या ठाऊक असलेल्या पाचसहा झाडांची वर्णनं आधी वाचायची. निर्गुडीला, सागाला, पळसाला हा लेखक काय म्हणतो? त्यावरून त्याचा हात कळतो.

आता सुट्या केसाकडे. इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण किल्ली अडली की सुटका बहुधा इथून होते.

केस काढायची सोपी युक्ती: पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा पानाच्या पाठीवर दाबा, उचला, काचपट्टीवर चिकटवा, सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात कमी भिंगाखाली पाहा. सागाच्या पानावर हे करून बघा. पाठीवरची ती करडी-भुरी लव म्हणजे साधे केस नाहीत, एका बिंदूतून चहूबाजूंना फाटे फुटलेल्या चांदण्या आहेत. यांना स्टेलेट म्हणतात. पेटारी, चिकणा, अंबाडी, धामण यांच्यावर हेच दिसेल, कारण भेंडीच्या कुळाची ती खूण आहे. धामण पूर्वी वेगळ्या कुळात ठेवत, आता ते कुळ भेंडीच्याच कुळात सामावलंय. वांग्याच्या पानावरही चांदण्या असतात. म्हणजे चांदणी दिसली की भेंडीचंच कुळ, असं नाही. पण रानातल्या शेकडो झाडांतून शोध मोजक्या गटांवर येतो: भेंडी, वांगी, एरंडाच्या कुळातली काही, साग आणि ऐसर. त्यातून पुढे जायला पानांची मांडणी पुरते. सागाची आणि ऐसराची पानं समोरासमोर असतात, भेंडी-वांग्याची बहुधा एकाआड एक.

दुसरा नमुना निळीचा. इंडिगोफेराच्या कुठल्याही रानटी जातीचं पानाचं दल घ्या. केस झोपलेले, सगळे समांतर, आणि दोन्ही टोकं निमुळती. बारीक सुईने एका टोकावर दाब द्या, दुसरं टोक वर उचललं जातं, कारण केस मधोमध एका अतिशय आखूड खुंटावर टेकलेला आहे. सतराव्या शतकातला इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी याच्या नावावरून याला माल्पिगियन केस म्हणतात. शेंगावर्गीय रोपटं, फूल नाही, फळ नाही आणि असा दोन टोकांचा केस मिळाला, तर मी इंडिगोफेरा लिहून मोकळा होतो.

तिसरा नमुना बघायला महाबळेश्वरकडे आंबगुळ खायला जावं लागेल. त्याच्या पानाच्या पाठीला जी चंदेरी चमक आहे ती केसांची वाटतच नाही. भिंगाखाली दिसतात गोल, चपटे खवले, मधोमध देठावर टेकलेले, कडा झिरमिळ्या. फळावरचे ठिपकेही तेच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी तेही केसच, फक्त चपटे झालेले. अशा पृष्ठभागाला लेपिडोट म्हणतात.

मग ग्रंथी असलेले केस. टोकाला गोल डोकं आणि त्यात स्राव. तुळशीच्या पानावर भिंगातून जे चकाकणारे ठिपके दिसतात ते असेच, वास त्यांतून येतो. पिवळी तिळवण हाताला चिकटते ती यामुळेच. आणि हरभरा. पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेलं की पाय आंबट होतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पानांवरचे ग्रंथिल केस मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर टाकतात. दव पडलेल्या पिकावर स्वच्छ फडकं फिरवून किंवा पसरून, ते पिळून जी आंब गोळा करतात, ती या केसांची कमाई. किल्ली लावणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की साधी लव आणि ग्रंथिल लव एकाच फांदीवर एकत्र असू शकतात, आणि वर्णनात दोन्ही स्वतंत्रपणे लिहावी लागतात.

कपिला किंवा शेंद्री या झाडाच्या फळावर तर ग्रंथी आणि चांदण्या दोन्ही शेजारीशेजारी असतात. पिकलेलं फळ तळहातावर चोळलं की विटकरी-लाल भुकटी सुटते. ती भुकटी म्हणजे लाल ग्रंथी आणि त्यांत मिसळलेले चांदणीसारखे केस. रेशीम रंगवायला हीच वापरत आले आहेत. आयुर्वेदाच्या दुकानातली कपिला अस्सल आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली या दोन गोष्टींवरून तपासता येतं. विटेची पूड मिसळली असेल तर लगेच उघडी पडते.

एकच गंमत सांगण्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यात सड्यांवर (सपाट कातळ-पठारांवर) नभाळी फुलते, तिच्या पुंकेसरांवर निळ्या-जांभळ्या केसांची दाढी असते. त्यातला एक केस पाण्याच्या थेंबात ठेवला तर पेशी मण्यांच्या माळेसारख्या ओवलेल्या दिसतात. कॉलेजात ऱ्हिओच्या पुंकेसरांवरचे केस घेऊन पेशीतलं जीवद्रव्य फिरताना दाखवतात ना, ते झाड नभाळीच्याच कुळातलं.

आता विश्वासाचा प्रश्न, ज्यासाठी मी ऐनाचं उदाहरण नेहमी देतो. जुन्या पुस्तकांत ऐन म्हणजे टर्मिनॅलिया टोमेंटोझा. आपल्या घाटातल्या कित्येक ऐनांची जून पानं जवळजवळ केशहीन असतात. त्यामुळे कुणी त्यांना क्रेन्युलाटा म्हणून वेगळं काढलं, कुणी नुसता प्रकार मानला, आणि आता बहुतेक ठिकाणी सगळ्यांना मिळून टर्मिनॅलिया इलिप्टिका म्हणतात. लवेच्या प्रमाणावर जात उभी केली की असं होतं. पण त्याच ऐनाच्या कोवळ्या पानावरचा एक केस काढून पाहिला तर तो एकपेशीय, जाड भिंतीचा, आणि बुडाशी आतल्या आत एक निमुळता कप्पा असलेला दिसतो. असा केस अर्जुन-हिरडा-बेहड्याच्या संपूर्ण कुळाची खूण आहे. १९६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाइव्ह स्टेस यांनी या कुळाच्या पानांच्या बाह्यत्वचेवर सविस्तर काम केलं. म्हणजे लव किती यावरून जातही ठरेना, आणि एका केसावरून कुळ ठरलं.

लवेचं प्रमाण इतकं चंचल का, याचं एक कारण जनुकांत आहे. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात ग्लॅब्रा-१ नावाचं एक जनुक बिघडलं की पानं केशहीन होतात, बाकी रोप ठणठणीत. एका जनुकाच्या बदलाने जी गोष्ट येते-जाते तिच्यावर जातींची भिंत उभी करताना दहादा विचार करावा.

याचा अर्थ प्रमाण निरुपयोगी आहे असा मात्र काढू नका. काळा कुडा आणि तांबडा कुडा पाहा. फुलं नसताना पहिला फरक हातालाच कळतो: तांबड्या कुड्याचं पान मखमली, काळ्याचं जवळजवळ केशहीन. इथे लव चालते, कारण तिच्या साक्षीला फळं आहेत. काळ्या कुड्याच्या दोन लांब शेंगा टोकाला जुळलेल्या आणि मग सुट्या होणाऱ्या, तांबड्याच्या दोन्ही शेंगा अंगाला अंग चिकटून एकच जाड फळ झालेल्या. उडीद आणि मुगातही तसंच: उडदाच्या शेंगेवर लांब केस, मुगाच्या शेंगेवर आखूड, पण शेंगांची ठेवणही वेगळी असतेच. तिकडे पांढऱ्या कुड्याचं शास्त्रीय नाव होलाऱ्हेना प्युबेसेन्स, आणि त्याची पानं केशहीनही सापडतात, दाट लवेचीही. नाव हे वर्णन नव्हे. लवेच्या जोडीला दुसरी खूण नसेल तर मी निर्णय लांबणीवर टाकतो.

लव नसलेल्या लवेबद्दलही दोन शब्द. एरंडाच्या खोडावरचा पांढुरका थर मेणाचा. रुईवर दोन्ही असतात: कोवळ्या भागावर कापसासारखी लव आणि जून पानावर मेणाची झाक. अंगठा जोरात फिरवा. लव असेल तर तिच्या बारीक वळ्या होऊन हाताला येतात, मेण असेल तर नुसता हिरवा डाग उमटतो. भुरी रोगाचा थर पानभर ठिगळांनी असतो, शिरांचा मान ठेवत नाही. सगळ्यात फसवी ती कोळीकिडीची लव. मोगऱ्याच्या किंवा लिचीच्या पानावर अचानक मखमली चट्टे येतात. ते केस झाडाचेच असतात, पण सूक्ष्म कोळ्यांनी उगवायला लावलेले. असं पान वर्णनासाठी घेऊ नका. आणि गुलाबाचा काटा केस नव्हे. त्यात बाह्यत्वचेच्या खालच्या पेशीही सामील असतात.

झाडाला याचा उपयोग काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी कपाशीपुरतं सांगतो. कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवरचा एकपेशीय केस. एकच पेशी अडीच-तीन सेंटिमीटर वाढते, रुंदीच्या हजारपटीहून जास्त. सावरीचा कापूस मात्र बीवरचा नाही, फळाच्या आतल्या भिंतीवरचा. कपाशीच्या पानावर दाट, लांब लव असेल तर तुडतुडे कमी येतात, म्हणून लवदार वाण निवडले गेले. पण पांढऱ्या माशीला तीच लव मानवते. लव चांगली की वाईट, याचं एक उत्तर शेतातही मिळत नाही. हिमालयात चार हजार मीटरच्या वर फेनकमळ आख्खंच्या आख्खं लोकरीत गुंडाळलेलं असतं, तिथे काम थंडीशी आहे.

शेवटी नोंद कशी लिहावी. 'पान केसाळ' एवढं लिहिलेली लेबलं हर्बेरियमात (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) ढिगाने आहेत आणि ती वाचून काहीही कळत नाही. तांबड्या कुड्याचा नमुना घेतलात तर असं लिहा: 'कोवळी फांदी दाट मऊ लवेची, केस साधे, फाटे नाहीत, ग्रंथी नाहीत. पान वरून आखूड लवेचं, खालून दाट मखमली, शिरांवर अधिक. त्याच झाडाच्या जून पानांवर लव बरीच विरळ. झाड उघड्या उतारावर, पूर्ण उन्हात.' टोमेंटोज की व्हेल्युटिनस हा शब्द त्यानंतर घाला किंवा घालू नका, वाचणाऱ्याला जे लागतं ते आलेलं आहे. नमुना कागदांत दाबायच्या आधी एक कोवळं आणि एक जून पान उलटं ठेवा, म्हणजे पाठ दिसेल. चिकटपणा आणि वास वाळल्यावर जातो, लवेचा ताजा रंगही पुष्कळदा तपकिरी पडतो, आणि उभे केस दाबाने झोपतात; तेवढ्या गोष्टी झाडापाशी उभं असतानाच लिहून काढा.